शर्यतीच्या सकाळचं तूप

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी असते. नाइलाजाने कुणी बसलंच, तर पहिल्या घासाआधी जबाब देऊन मोकळं होतं, "अहो, मी एरवी गोड खातच नाही हं, आज आपलं घरचं कार्य म्हणून." मी काही विचारलेलं नसतं. माझं लक्ष वाढप्याकडे असतं, कारण माझी चौथी जिलबी यायची असते. पण ते कोण बघतो!

हा बत्तीस वर्षांच्या नोकरीधंद्याचा परिणाम. खेळाडूंनी काय खावं, किती खावं आणि मुख्य म्हणजे कधी खावं, हे सांगण्याचं मी काम केलं. शनिवार पेठेत कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्याला माझ्या दोन खोल्या होत्या. दारावर माझ्या नावाची पाटी आणि तिच्याखाली दुसरी, 'येथे ताकदीचे चूर्ण मिळत नाही. खाली कुलूपवाल्याकडेही मिळत नाही.' ही दुसरी पाटी लावावी लागली, कारण लोक खरोखरच खाली विचारत असत. दोन वर्षांपूर्वी दोन्ही पाट्या उतरवल्या. कुलूपवाल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं म्हणे.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी माझं सगळं शास्त्र चार मुद्द्यांत सांगते. भात, पोळी, बटाटा, केळं, गूळ यांत असतात ती कर्बोदकं. पळणाऱ्याचं पाऊल त्यांच्या जोरावर पडतं. डाळ, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं झिजलेल्या स्नायूंची डागडुजी करतात. तूप, तेल, दाणे, खोबरं म्हणजे स्निग्ध पदार्थ. ते पुष्कळ पुरतात, पण पोटातून पुढे सरकायला फार वेळ घेतात. आणि पाणी व मीठ, जे घामावाटे गेलं की परत भरावं लागतं. झालं! बाकी जे मोठमोठ्या डब्यांवर चकचकीत अक्षरांत छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं न वाचलं तरी चालतं.

खराडीहून एक इंजिनिअर यायचा. दंड दाखवून म्हणाला, "मॅडम, मी डेली चार स्कूप प्रोटीन घेतो, तरी बॉडी रिस्पॉन्डच करत नाहीये."

"व्यायाम काय करता?"

"जिमची मेंबरशिप आहे ना. वर्षाची."

"मग मेंबरशिपचे दंड भरले असतील. तुमचे कसे भरतील?" हे बोलले खरं, पण पोरगा चांगला निघाला. हसला आणि खरंच जिमला जायला लागला. पुढे त्याच्या बायकोलाही घेऊन आला, तिने मात्र माझं एक अक्षर ऐकलं नाही आणि तिची तब्येत त्याच्यापेक्षा उत्तम होती.

आणखी एक सायकलवाल्यांचा गट होता. रविवारी पहाटे निघायचे, तीस किलोमीटर जाऊन झणझणीत मिसळ हाणायची आणि परत यायचं. परतीच्या चढावर सगळ्यांच्या छातीत जळजळ. मला म्हणाले, काहीतरी उपाय सांगा. मी म्हटलं, तर्री तेवढी टाळा, नाहीतर मिसळ घरी परत आल्यावर खा. त्यांचा म्होरक्या माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मी काही अभद्र बोलले. "मॅडम, मिसळ घराजवळ खायची तर सायकल कशाला काढायची?" यावर माझ्या शास्त्रात उत्तर नाही.

तर मुद्दा असा, की आमचं काम खायला सांगण्याचं नाही, ऐकून घेण्याचं. येणाऱ्या प्रत्येकाला मी एक वही द्यायची. चार दिवस जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहून आणायचं. या वहीत लोक खोटं लिहीत नाहीत, पण खरंही लिहीत नाहीत. पोहण्याच्या स्पर्धा गाजवणारे एक निवृत्त काका होते. त्यांच्या वहीत 'चहा, अर्धा कप' ही नोंद दिवसातून नऊ वेळा. "साडेचार कप झाले की हो काका," म्हटलं, तर म्हणाले, "असं एकत्र धरायचं नसतं." आता बोला! प्रत्येकाचं असं एक खातं असतं, ज्याची तो खाण्यात गणती करत नाही. हे मला तोंडपाठ होतं. आणि तरीही एका पोरीच्या बाबतीत मी सपशेल चुकले. ती हकीकत सांगायलाच हा सगळा प्रपंच.

रेश्मा हिंजवडीच्या पलीकडच्या गावातली. तिच्या घरच्यांच्या भाताच्या खाचरांवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. वीस वर्षांची, काटक, कमी बोलणारी. दहा किलोमीटरची धावपटू. तिला घेऊन आले तिच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, म्हणून मीही सरच म्हणते.

सर म्हणाले, "मॅडम, ही पोरगी सरावात सगळ्यांच्या पुढे असते. पण स्पर्धेत सातव्या किलोमीटरच्या आसपास पोटात गोळा येतो आणि ओकते. दोन वर्षं हेच चाललंय. हिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, पहिल्या सहा जणी घेणार. यंदा झालं तर झालं."

मी रेश्माला विचारलं, "आणि नाही झालं तर?"

"मग घरची पीजीची बिल्डिंग आहे ना, ती बघायची," ती खाली बघत म्हणाली. "भाड्यानं राहणाऱ्या मुलींचे डबे, पाण्याचा टँकर, वायफाय. पप्पा म्हणतात, आता पळणं बास." तिचा आवाज अगदी सपाट होता, पण हातातल्या वहीचा कोपरा ती मुडपून मुडपून पार मऊ करत होती.

चार दिवसांनी वही आली. मी इतकी सुंदर वही क्वचितच पाहिली होती. वेळेवर जेवण, भात-भाकरी-डाळ-भाजी, सरावाआधी एक केळं. शेवटच्या पानावर एका रविवारच्या स्पर्धेची नोंद, 'पहाटे साडेचार, पोहे, अर्धी वाटी.' खाली तिनेच लिहिलं होतं, 'सातव्या किलोमीटरला उलटी.' अर्ध्या वाटी पोह्यांनी कुणी ओकत नाही. मी पोहे बंद करून बघितले, पाण्याचं प्रमाण बदललं, मीठ बदललं. पुढच्या स्पर्धेत पुन्हा तेच.

मग मी तो शहाणपणा केला, ज्याची मला आजही लाज वाटते. सरावात होत नाही, फक्त स्पर्धेत होतं, म्हणजे पोटाचं दुखणं नव्हे, मनाचं. असा निकाल लावून मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, "रेश्मा, तू घाबरतेस. तुझं पोट ठणठणीत आहे."

तिने मान वर केली. "मी घाबरत नाही मॅडम."

"सगळे असंच म्हणतात."

ती उठून गेली. पुढच्या आठवड्यात आली नाही. सरांचा फोन आला, की पोरगी म्हणते, मॅडमनाच वाटतं मी भित्री आहे तर कशाला जायचं निवडीला. मला फार वाईट वाटलं. बत्तीस वर्षांत मी कुणाच्या पोटाचं भलं केलं असेल-नसेल, पण कुणाचा उत्साह मारला नव्हता. निवडीला पंधरा दिवस राहिले होते आणि त्याआधी हिंजवडीतल्याच एका आयटी पार्कात दहा किलोमीटरची शर्यत होती. मी सरळ तिला फोन केला. "माझं चुकलं असेल. या शर्यतीला मी तुला घरून घ्यायला येते आणि तू काय काय करतेस ते बघते. तोंड उघडणार नाही." ती म्हणाली, "या. पण पहाटे पाचला यावं लागेल. नंतर कंपन्यांच्या बस सुरू झाल्या की चौकातच अडकाल."

पाचच्या ठोक्याला मी तिच्या दारात. पुढे बैलांचा गोठा, पाठीमागे पाच मजली पीजीची इमारत. रेश्मा बूट घालून तयार होती. मी बंद केलेले पोहे पुन्हा सुरू झाले होते, पण तिने घरी खाल्ले ते खरोखरच अर्धी वाटी. माझ्या मनात आलं, वही खरी होती तर. मग ती आईच्या पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, दोन मिनिटं. भावकीत पाया पडून येते."

मी मागोमाग गेले. पहिलं घर थोरल्या काकूंचं. रेश्मा वाकली, काकूंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि पेलाभर गरम दूध पुढे केलं. दुधावर तुपाचा थर हलत होता. ते घटाघटा संपलं. दुसऱ्या घरी देवाचा शिरा, वाटीभर, तोही तुपात न्हालेला. तिसऱ्या घरी दोन उकडलेली अंडी. चौथ्या घरी धाकट्या काकूंनी डिंकाचा लाडू तोंडात भरवला, माझ्या मुठीएवढा. पाचव्या घरी दही-साखर. आपण तळहातावर चमचाभर घालतो ना, तशी नव्हे. भांडंभर!

मी शब्द दिला होता म्हणून गाडीत बसेपर्यंत गप्प राहिले. मग मात्र राहवेना. "अगं रेश्मा, हे वहीत का नाही लिहिलंस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "हे म्हणजे काय?"

"दूध, शिरा, अंडी, लाडू, दही!"

"मॅडम, ते खाणं नाहीये," ती अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली. "ते पाया पडल्यावर देतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. सरावाला जाताना कोण भावकीत पाया पडतंय! म्हणून सरावात ठणठणीत आणि स्पर्धेत वाट. सातव्या किलोमीटरला त्या दिवशीही तेच झालं. फुटपाथच्या कडेला वाकलेल्या तिच्या पाठीवरून हात फिरवताना मी तिला म्हटलं, "तू घाबरत नव्हतीस. मी मूर्ख होते." ती ओकता ओकता हसली.

त्याच संध्याकाळी मी गावात परत गेले. थोरल्या काकूंच्या दिवाणखान्यात पाचही घरच्या बायका जमल्या. थोरल्या काकू सोफ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, साठीपुढच्या, नजर धारदार. मी सांगितलं, की माणूस जोरात पळतो तेव्हा शरीर रक्त पायांकडे पाठवतं, पोटाच्या वाट्याला थोडंच उरतं. तूप एरवी गुणी, पण पोटातून हलायला तासन् तास लागतात. पोरगी पोटात एवढं ओझं घेऊन पळते, ते बाहेर येणारच.

धाकट्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्या काकू म्हणाल्या, "म्हंजी आमच्या तुपानं पोरगी हारती, असं म्हनायचंय का तुमाला?"

त्या बायका घरातलं सगळ्यात चांगलं काढून देत होत्या. मी म्हटलं, "तूप वाईट नाही हो काकू. वेळ चुकली."

"आन् उपाशी धाडायची व्हय तिला? सोताच्या हातानं?"

"उपाशी नाही. तीन तास आधी मऊ भात, मीठ, चमचाभर दही. मग निघताना एक केळं. बाकी सगळं आदल्या दिवशी, नाहीतर पळून आल्यावर."

"केळं!" धाकट्या काकू फणकारल्या. "पोरगी काय माकड हाय?"

तेवढ्यात रेश्मा दारातून म्हणाली, "मी नाही म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. आणि तुमच्याकडं न येता गेले तर मला पळवतच नाही." आजवर मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं बोलणं.

थोरल्या काकूंची नजर खिडकीतून गोठ्याकडे गेली. त्यांच्या घरचे बैल शर्यतीचे. बैलगाड्याच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांचं नाव होतं. मग त्या एकदम जावांकडे वळून म्हणाल्या, "का गं, शर्यतीच्या सकाळी आपन बैलाला पेंड घालतो का?"

"न्हाय बा," एकजण म्हणाली. "आदल्या दिशी घालायची. सकाळी बैल हलका ठेवायचा."

"पेंड घालून घाटात उतरवला तर?"

"निम्म्यात बसंल की खाली."

"मग पोरीला आपन बैलाइतकीबी अक्कल लावली न्हाय!" थोरल्या काकूंनी मांडीवर थाप मारली आणि सगळ्या बायका एकदम हसायला लागल्या. धाकट्या काकूसुद्धा, डोळे पुसत पुसत. मी एका तासात जे समजावू शकले नव्हते ते एका बैलाने दोन वाक्यांत समजावलं. माझी फी खरं तर त्या बैलाला द्यायला हवी होती.

लगेच वाटण्या झाल्या. आदल्या दिवशी दुपारी भात आणि उकडलेली रताळी एका घरची, रात्रीची गूळ घालून केलेली खीर दुसऱ्या घरची. सकाळी पाया पडायचं, बोटं मोडायची, पण हातात काही द्यायचं नाही. "आन् आमचं दूध, शिरा, लाडू?" धाकट्या काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "मैदानावर घेऊन या. पळून आल्यावर शरीराला हवंच असतं, तेव्हा भरवा." त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. शहरातली बाई, हिचा काय भरवसा!

निवडीच्या सकाळी मैदानाच्या कडेला एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून पाच बायका स्टीलचे डबे घेऊन उतरल्या. सर मला कानात म्हणाले, "मॅडम, हे काय, डोहाळजेवण आहे का?" मी म्हटलं, "गप्प बसा आणि फेऱ्या मोजा."

चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. रेश्मा पहिल्यापासून आठव्या-नवव्या नंबरवर, अंग चोरून पळत होती. बायकांना फेऱ्यांचं गणित कळत नव्हतं. ती समोरून गेली की प्रत्येक वेळी "आलीऽऽ" असा पुकारा व्हायचा आणि धाकट्या काकू डब्याचं झाकण उघडायच्या. "अहो अजून नाही, अजून सोळा आहेत," मी झाकण लावायची. सतरावी फेरी आली. सातवा किलोमीटर इथेच येतो. अठराव्या फेरीत रेश्माचा हात पोटाकडे गेला. थोरल्या काकूंनी माझं मनगट असं धरलं, की बांगडी वाकली. रेश्माने हात पोटावर दाबला, दोन पावलं तशीच टाकली आणि हात खाली घेतला. एकोणिसाव्या फेरीत ती सातवी होती. विसाव्या फेरीत सहावी. बाविसाव्या फेरीत तिने आणखी एकीला मागे टाकलं आणि आमचे सर, चाळीस वर्षांचा गंभीर माणूस, कुंपणाच्या आत उडी मारून तिच्याबरोबर पळायला लागले. पंचांनी त्यांना हाकललं.

ती पाचवी आली. संघात!

रेष ओलांडली आणि ती गवतावर जाऊन थांबली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, पाठ वाकलेली. अगदी तशीच, जशी दर वेळी ओकण्याआधी उभी राहायची. सर बाटली घेऊन धावले. मी धावले. माझ्या मागे पाचही बायका पदर सावरत धावल्या आणि तिच्यापासून चार पावलांवर सगळ्या थबकल्या. कुणाचीच पुढे व्हायची छाती होईना. तिची पाठ वरखाली होत होती. मग तिने मान वर केली. चेहरा लालबुंद, केस चिकटलेले. ती आमच्याकडे बघून म्हणाली,

"मॅडम, कसली भूक लागलीय!"

थोरल्या काकूंच्या हातात दुधाची किटली होती. उरलेल्या चौघी डबे छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, शाळेत बाईंची परवानगी मागावी तशा.

"देऊ का आता?" थोरल्या काकूंनी विचारलं.

"द्या," मी म्हटलं. "सगळं द्या."